बुद्धिमान यंत्र आणि रापणीचा धडा

आंब्याच्या बागेवर फवारणीचे ड्रोन प्रथमच घिरट्या घालू लागले, की बांधावर जमलेल्या मंडळींत दोन मते ऐकू येतात. मजुरांअभावी रखडणारी फवारणी आता वेळेवर होईल, म्हणून बागायतदार समाधान पावतो. आजवर झाडाखाली उभा राहून फवारा मारणारा गडी मात्र पुढच्या हंगामाच्या रोजगाराची चिंता करू लागतो. दोघांचेही म्हणणे खरे आहे. म्हणूनच त्यांपैकी एकालाच अडाणी ठरविणे योग्य होणार नाही.

ड्रोनच्या मागोमाग आता विचार करणारे म्हणविले जाणारे यंत्रही गावात आले आहे. २०२५ मध्ये राज्य शासनाने शेतीतील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी स्वतंत्र धोरण मंजूर केले व पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी कृषी विभागाचे ‘महाविस्तार’ हे ॲप सुरू झाले. त्यावर शेतकऱ्याला मराठीत प्रश्न विचारता येतो. सिंधुदुर्ग जिल्हा प्रशासनानेही ‘मार्व्हल’ या शासकीय कंपनीच्या साहाय्याने आपल्या कारभारात ही विद्या वापरण्यास आरंभ केला.

या यंत्राविषयी काहींना चमत्काराची आशा आहे, तर काहींना सर्वनाशाची भीती वाटते. मालवणच्या किनाऱ्याला मात्र हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. येथे पिढ्यान्‌पिढ्या रापण ओढली गेली. दोराला अनेक हात लागत आणि मासळीचे वाटेही अनेक होत. पुढे यांत्रिक नौका आल्या, त्यांमागून पर्ससीन जाळी आली. मासळी पकडण्याचा वेग वाढला, परंतु रापणकरांच्या वाट्याला येणारी मासळी घटली आणि समुद्रात संघर्ष उभा राहिला. १९८१ चा सागरी मासेमारी नियमन कायदा, २०१६ मध्ये राज्याने पर्ससीन मासेमारीवर घातलेले निर्बंध आणि २०१७ मध्ये केंद्राने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर आणलेली बंदी, हे सर्व यंत्राच्या मागून आले. यंत्र आधी आणि नियम नंतर, या क्रमाची किंमत लहान मच्छीमाराने मोजली. उलट, २०२५ पासून अवैध नौकांवर नजर ठेवण्यासाठी शासनाने किनाऱ्यावर ड्रोन आणले. म्हणजे यंत्र शत्रूही नव्हे आणि मित्रही नव्हे. ते कोणाच्या हाती आहे आणि कोणत्या नियमाने चालते, यावरच सारे अवलंबून आहे.

शेतीत हा क्रम उलटा करण्याची संधी अद्याप गेलेली नाही. त्यासाठी या यंत्राची मर्यादा प्रथम समजून घेतली पाहिजे. असंख्य छायाचित्रे व नोंदी यांतील साम्य हेरून अंदाज बांधणारी ही एक गणितपद्धती होय. तिला तुडतुडा दिसत नाही. तुडतुड्याच्या चित्रांशी जुळणारी खूण दिसते. ज्या प्रदेशाच्या नोंदी तिला पुरविल्या, तो प्रदेश तिला अधिक चांगला कळतो. जांभ्याच्या कातळावरील कलमे, सकाळचे धुके, काजूवरचा ढेकण्या आणि शेतकऱ्याची मालवणी बोली यांच्या पुरेशा नोंदी नसतील, तर उत्तर मिळेल, पण ते दुसऱ्याच मुलखाचे असेल. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक फवारले, तर परागीभवन करणाऱ्या माश्या मरतात. त्या दिवसांतील एका चुकीच्या सल्ल्याने वर्षाचे उत्पन्न जाऊ शकते आणि ते नुकसान यंत्र भरून देत नाही.

यास्तव ग्रामकार्यकर्त्याचे काम संपलेले नसून वाढले आहे. मोबाईलवरील सल्ला जसाच्या तसा पुढे पाठविणे म्हणजे विस्तारकार्य नव्हे. बागेत जावे, मोहोर व पालवी स्वतः पाहावी आणि शंका आल्यास वेंगुर्ले येथील फळ संशोधन केंद्राच्या तज्ज्ञांना विचारावे. सल्ला चुकला, तर तारीख, ठिकाण व परिणाम यांची लेखी नोंद करून ती वरिष्ठांकडे पाठवावी. चुकीची नोंद झाल्याखेरीज यंत्र सुधारत नाही आणि त्याच्या चालकांवर जबाबदारीही येत नाही.

यंत्राच्या मालकीचा विचारही गावाने वेळीच करावा. एकट्या धनिकाने ड्रोन आणून गावाला भाड्याने देणे आणि सहकारी संस्थेने किंवा महिला बचत गटाने ते चालविणे, यांत मोठे अंतर आहे. केंद्र शासनाच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचत गटांना ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, कमाल ८ लाख रुपये साहाय्य ठेवण्यात आले, त्यामागील तत्त्व हेच आहे. गावात ड्रोन येणार असेल, तर ते चालविण्याचे व दुरुस्त करण्याचे शिक्षण प्रथम त्यालाच मिळावे, ज्याचा फवारणीचा रोजगार त्यामुळे जाणार आहे. सर्वांनाच असे काम मिळेल असे नाही. म्हणून यंत्राने वाचलेल्या खर्चातून उरलेल्यांसाठी कोणते काम उभे करता येईल, याची चर्चा ग्रामसभेत यंत्र येण्यापूर्वीच व्हावी.

रापणीच्या दोराला हात लावणाऱ्याचा वाटा मासळीत ठरलेला असे. नव्या यंत्राच्या लाभातही गावाचा वाटा असाच आधी ठरला पाहिजे.