भिंतीवरची सनद आणि बाकावरचं मूल

माझ्या बहिणीची मुलगी बी.ए. झाली आणि मोबाईलवरच्या एका जाहिरातीला भुलली. ‘४० तासांत अमेरिकन सर्टिफिकेट, स्वमग्न मुलांसोबत काम, घरबसल्या अभ्यास.’ दुलाभाईंनी पोटाला चिमटा काढून फी भरली. पोरीने ४० तासांचे व्हिडिओ इमानदारीने पाहिले, वह्या भरल्या. परीक्षेचा अर्ज भरायला बसली तेव्हा कळलं की भारतात राहणाऱ्याचा अर्ज घेतलाच जात नाही. क्लासवाल्यांना फोन केला. उत्तर आलं, “आम्ही ट्रेनिंग देतो मॅडम, परीक्षेचं तुम्ही बघायचं.”

क्लासचं नाव मी लिहिणार नाही. असा एकच क्लास असता तर लिहिण्याची गरजही पडली नसती.

ही परीक्षा काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. तिचं नाव ‘रजिस्टर्ड बिहेविअर टेक्निशियन’, म्हणजे आरबीटी. ती घेतं अमेरिकेतलं ‘बिहेविअर अ‍ॅनालिस्ट सर्टिफिकेशन बोर्ड’. बोर्ड १९९८ सालचं, आणि टेक्निशियनची ही पायरी २०१४ पासूनची. वय १८ पूर्ण, शालेय शिक्षण पूर्ण, ४० तासांचं प्रशिक्षण, मग एका पात्र तज्ज्ञासमोर प्रत्यक्ष काम करून दाखवायचं, आणि शेवटी ९० मिनिटांत ८५ प्रश्न. त्यातल्या १० प्रश्नांचे गुण धरत नाहीत, पण ते कोणते हे सांगत नाहीत. पास झालं तरी स्वतंत्र दुकान थाटता येत नाही. तज्ज्ञ योजना आखतो, टेक्निशियन त्याच्या देखरेखीखाली ती राबवतो. २०२३ च्या सुरुवातीपासून बोर्ड मोजक्या देशांतल्या रहिवाशांनाच ही सनद देतं. भारत त्यात नाही. आणि आपल्याकडे विशेष शिक्षक म्हणून काम करायचं तर १९९२ च्या कायद्याने स्थापन झालेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. ४० तासांच्या कागदावर ती मिळत नाही.

ही माहिती लपवलेली नाही. बोर्डाने स्वतःच ती जाहीर केली आहे. लपवतो तो विकणारा. आणि विचारत नाही तो विकत घेणारा. ‘अमेरिकन’ हा शब्द ऐकला की आपली अक्कल गहाण पडते. तावीज बांधून मूल बोलतं होईल असं सांगणाऱ्या बाबाला आपण सुशिक्षित लोक हसतो. मग न वाचलेल्या, न तपासलेल्या सर्टिफिकेटला फ्रेम करून भिंतीवर टांगणं वेगळं काय आहे? तोही तावीजच. फक्त इंग्रजीत लिहिलेला.

पण माझी खरी तक्रार फसवणुकीची नाही. पैसे बुडाले, ते माणूस पुन्हा कमावतो. माझी तक्रार तयारीच्या पद्धतीबद्दल आहे, आणि त्या गुन्ह्यात मीही सामील आहे.

भाची माझ्याकडे प्रश्नसंच घेऊन बसायची. “खाला, मला विचारा.” मी विचारायचे, ती धडाधड उत्तरं द्यायची. व्याख्या पाठ, इंग्रजी संज्ञा पाठ. एकदा मी पुस्तक मिटलं आणि साध्या भाषेत विचारलं, “वही काढली की मुलगा रडतो. बाई वही बंद करतात. दुसऱ्या दिवशी तो आणखी जोरात रडतो. काय घडलं?” ती म्हणाली, “शिक्षा.” मग म्हणाली, “नाही, दुर्लक्ष.” दोन्ही चूक. हे ‘निगेटिव्ह रिइन्फोर्समेंट’ आहे, ज्याला आमच्या बी.एड.च्या पुस्तकात नकारात्मक प्रबलन म्हटलं होतं.

हा शब्दच घात करतो. ‘नकारात्मक’ म्हटलं की वाईट, म्हणजे शिक्षा, असं डोक्यात बसतं. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते, म्हणून तिला म्हटलं, मनफी म्हणजे काय? वजा. बस, गणितातलंच वजाचं चिन्ह. रडल्यावर समोरची नकोशी वही वजा झाली, म्हणून रडणं वाढलं. रडल्यावर बिस्किट मिळालं असतं आणि त्यामुळे रडणं वाढलं असतं, तर ते अधिक. दोन्हीकडे वर्तन वाढतंच. तिचा चेहरा उजळला. ४० तासांत जे कळलं नव्हतं ते तिच्या घरच्या भाषेत दोन मिनिटांत कळलं.

आणि नेमक्या त्याच क्षणी मला घाम फुटला. कारण तो वहीवाला मुलगा मी कल्पनेतून काढला नव्हता. तो माझ्या वर्गात होता.

तिसऱ्या बाकावरचा. लेखनाचा तास आला की दोन्ही हातांनी बाक बडवायचा, ओरडायचा. मी वर्षभर काय केलं? “जा, बाहेर उभा राहा.” मला वाटायचं मी शिक्षा करतेय. खरं तर मी त्याला रोज शिकवत होते की बाक बडवला की लेखन सुटतं. आणि तो मला शिकवत होता की त्याला बाहेर काढलं की वर्गात शांतता होते. दोघंही एकमेकांना पक्के करत होतो. बी.एड.ला स्किनर वाचला होता, त्यावर मार्कही चांगले मिळाले होते. वर्गात पाऊल ठेवलं तेव्हा तो स्किनर उत्तरपत्रिकेतच राहिला.

म्हणून मी म्हणते, ही परीक्षा तिरस्कार करण्यासारखी नाही. तिचा अभ्यासक्रम सहा भागांत आहे आणि त्यातला पहिलाच भाग सांगतो: मोजा, नोंदवा. ‘मुलगा चिडला’ असं लिहायचं नाही. ‘तळहाताने बाक चार वेळा बडवला’ असं लिहायचं. त्याच्या आधी काय घडलं, नंतर काय घडलं, तेही लिहायचं. मग शोधायचं की त्याला यातून काय मिळतं. कोणाचं लक्ष? हवी ती वस्तू? नकोशा कामातून सुटका? की ती हालचालच त्याला बरी वाटते? याला अमेरिका लागत नाही. एक वही आणि प्रामाणिक डोळे लागतात.

मी वही घातली. एक आठवडा फक्त लिहिलं. बाक बडवणं लेखनाच्याच तासाला, फळ्यावरून उतरवायला सांगितलं की. मग त्याला एक कार्ड दिलं, ‘थोडं थांबू?’ कार्ड दाखवलं की दोन मिनिटं सुट्टी, मग पुढची ओळ. चमत्कार झाला नाही. काही दिवस कार्ड फेकून दिलं, बडवणं आधीपेक्षा वाढलं. पण एके दिवशी त्याने कार्ड उचललं. त्या वर्षीच्या माझ्या सगळ्या निकालांपेक्षा मला तो क्षण मोठा वाटतो. त्याला नेमकं काय आहे हे सांगण्याचा अधिकार मला नाही. ते सांगायला त्याच्या अम्मीला मी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवलं.

कुणी म्हणेल, ही पद्धतच वादग्रस्त आहे. खरं आहे. लोवास यांच्या १९८७ च्या गाजलेल्या प्रयोगात मुलांच्या मांडीवर चापटही मारली जात होती. आज स्वमग्न प्रौढ माणसं स्वतः विचारतात, आमचे हात हलले तर तुमचं काय बिघडलं? हा प्रश्न प्रश्नसंचात सापडत नाही, पण तयारी करणाऱ्याने आधी तोच सोडवायला हवा. मूल गप्प बसवायचं आहे की त्याला बोलायचा मार्ग द्यायचा आहे?

आणि कुणी म्हणेल, “मुलीला घरबसल्या चार पैसे मिळाले असते, त्यात वाईट काय?” काहीच नाही. मुलींनी कमवावं म्हणून तर मी गेली वीस वर्षं घसा कोरडा करतेय. पण मग रस्ता खरा दाखवा. पुनर्वास परिषदेची मान्यता असलेले विशेष शिक्षणाचे अभ्यासक्रम महाराष्ट्रात आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला सांगितलं आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने प्राथमिक शाळेत अशा १० मुलांमागे एक आणि उच्च प्राथमिकमध्ये १५ मुलांमागे एक विशेष शिक्षक असावा असं ठरवलं. तुमच्या गल्लीतल्या उर्दू शाळेत जाऊन विचारा, तो एक कुठे आहे? हा प्रश्न आपल्या अंजुमनच्या जलशात, शाळा व्यवस्थापन समितीत, नगरसेवकापुढे कोणी विचारतं का? आपण तिथे गप्प बसतो आणि घरी येऊन मोबाईलवर फी भरतो.

भाचीने आता विशेष शिक्षणाच्या पदविकेसाठी अर्ज केलाय. दोन वर्षं लागतील. दुलाभाई कुरकुरले, “इतका वेळ?” मी म्हटलं, “दुलाभाई, बाकावरचं मूल आयुष्यभर थांबलंय. तुम्हाला दोन वर्षं थांबता येईना?”

क्लासची ४० तासांची वही मात्र तिने फेकली नाही. मागची कोरी पानं ती माझ्या वर्गात घेऊन येते, खिडकीपाशी बसते आणि जे दिसतं तेच लिहिते.