दुखत नाही, म्हणून गप्प



चातुर्मास लागला की महिला मंडळांच्या पत्रिका येतात. रांगोळी, प्रश्नमंजूषा, बिनाकांद्याच्या पाककृती. स्तनांची तपासणी मी एकाही पत्रिकेत पाहिली नाही. विचारलं की उत्तर ठरलेलं, "स्थानकात असला विषय कसा काढायचा?"

केडगावच्या बायकांनी तरी असं म्हणू नये. मुक्ती मिशन चालवणाऱ्या पंडिता रमाबाई याच गावात राहिल्या, १९२२ मध्ये इथेच वारल्या. १८८२ मध्येच त्यांनी हंटर आयोगाला सांगितलं होतं, की बायका लाजेपायी पुरुष डॉक्टरला दुखणं सांगत नाहीत आणि जिवाला मुकतात, म्हणून बायकांना डॉक्टर करा. आता डॉक्टरीणबाई आहेत, नर्सबाई आहेत, दारात आशाताई येते. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या प्रत्येकीची तपासणी धरलेली आहे. तरी २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, ३० ते ४९ वयाच्या शंभर जणींत तपासणी झालेली एकसुद्धा पुरती भरली नाही.

"पण गावात मशीन कुठंय?" मशीन लागतंच असं नाही. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमधल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. त्यातल्या निम्म्या जणींना शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगाचे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत तसा फरक दिसला नाही. म्हणजे आधी सासूबाईंना न्या!

आणि ते "कर्मात असेल ते होईल"? मोतीबिंदू काढताना हे कुणी म्हणत नाही. घरधन्याच्या छातीत कळ आली तर रात्री दोनला गाडी निघते. कर्म आठवतं ते फक्त बाईच्या गाठीला.

ही गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि घात तिथेच होतो. दुखत नाही म्हणून मुलीचं लग्न उरकू दे, अठाईचं पारणं होऊ दे, असं करत वर्ष जातं. स्तनात किंवा काखेत गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त आलं, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर वय कितीही असो, त्याच आठवड्यात दाखवा. सुई टोचली की रोग पसरतो, ही निव्वळ अफवा आहे.

पर्युषणाआधीच्या बैठकीत अध्यक्षबाईंना सरळ विचारा, नर्सबाईंना कोणत्या दिवशी बोलावताय? एक खोली आणि एक पडदा लागतो. आणि त्या दिवशी आपल्याकडे धुणंभांडी करणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायकांनाही आत घ्या. त्यांची मजुरी बुडेल, ती मंडळाने द्यावी. रांगोळीच्या बक्षिसांत एवढे पैसे सहज निघतात.