कोठडीतले चित्रण कोणाच्या ताब्यात?

पोलीस कोठडीत मारहाण झाली की नाही, हे निर्विवादपणे सांगू शकेल असा साक्षीदार म्हणजे तिथला सीसीटीव्ही कॅमेरा. म्हणूनच परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० रोजी देशातल्या प्रत्येक ठाण्यात, कोठडीपासून व्हरांड्यापर्यंत, आवाजासह चित्रण करणारे कॅमेरे बसवायला सांगितले. तरीही बंद कॅमेऱ्यांचा प्रश्न सप्टेंबर २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला स्वतःहून हाती घ्यावा लागला. ही शरमेची गोष्ट आहे.

कॅमेरे खरेदी केले की काम झाले, अशी आपल्याकडची समजूत आहे. १९४२ साली जर्मनीत पेनेम्युंडे येथे व्ही-२ अग्निबाणाचे उड्डाण लांबून पाहण्यासाठी सीसीटीव्ही यंत्रणा वापरली गेली, तेव्हा पडद्यावर दिसेल तेवढेच तिचे काम होते. आज तिचा जीव रेकॉर्डरमध्ये, म्हणजे डीव्हीआर किंवा एनव्हीआरमध्ये आहे. त्यातली हार्ड डिस्क भरली की जुन्या चित्रणावर नवे चढते. डिस्क लहान आणि कॅमेरे जास्त असतील, तर काही दिवसांतच मागचे सारे पुसले जाते. मार खाऊन सुटलेला माणूस तक्रार करायला धजावेपर्यंत पुरावा उरलेला नसतो. न्यायालयाने अठरा महिन्यांची, किमान वर्षभराची साठवण मागितली ती यासाठीच.

चित्रण राहिले तरी ते कोर्टात टिकावे लागते. मूळ यंत्र हजर नसेल तर प्रतीसोबत प्रमाणपत्र हवेच, हे जालन्याच्या निवडणूक याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार आता त्या प्रमाणपत्रात हॅश मूल्य, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसाही नोंदवावा लागतो. ठाण्यातल्या किती जणांना हे शिकवले आहे?

याहून मोठी अडचण वेगळीच आहे. कॅमेरे चालू ठेवण्याची आणि चित्रण जपण्याची जबाबदारी ठाणेप्रमुखावर आहे. म्हणजे ज्यांच्यावर नजर ठेवायची, डिस्कही त्यांच्याच कपाटात. चौकशी कितीही प्रामाणिक असली तरी यामुळे तिच्यावर कोणाचा विश्वास बसणार नाही. महाराष्ट्र सरकारने कोठडीतल्या चित्रणाची एक प्रत रोजच्या रोज ठाण्याबाहेर, राज्य मानवी हक्क आयोगाच्या ताब्यात जाईल अशी सोय करावी आणि देखभालीच्या खर्चाची तरतूद खरेदीच्या निविदेतच करावी. कोणत्या ठाण्यातला कोणता कॅमेरा किती दिवस बंद आहे, तेही दरमहा जाहीर व्हावे.