गाडी गॅरेजात, मालक स्टँडवर!

उसाचा हंगाम सुरू झाला की बारामती-इंदापूर रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर धावू लागतात. रात्री मागे रिफ्लेक्टर नसला की गाडी ठोकायला कितीसा वेळ? मग गाडी गॅरेजला आणि आपण एसटीच्या वाटेकडे डोळे लावून! विमा कंपनी तोवर दुसरी गाडी देत नाही का?

ब्रिटनमध्ये चूक समोरच्याची असेल, तर त्याच्या विम्यातून भाड्याची गाडी मिळू शकते. आपल्याकडे समोरच्याच्या विम्याकडे भरपाई मागायची, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची पायरी चढायची. १९८८ च्या कायद्याने सक्तीचा आहे तो थर्ड पार्टी विमा. त्यातून स्वतःच्या गाडीला छदाम मिळत नाही. 'फुल इन्शुरन्स'मध्ये दुरुस्तीचा खर्च मिळतो, पण गाडीविना गेलेल्या दिवसांचा नाही. त्यासाठी दैनिक भत्त्याचं वेगळं ॲड-ऑन काही कंपन्या देतात. एजंट सांगत नाही, आपण विचारत नाही!

मग गावातल्याच कुणाची पांढऱ्या प्लेटची गाडी भाड्याने आणतात. खरा धोका इथेच आहे. खासगी पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. पुन्हा अपघात झाला तर कंपनी क्लेम नाकारू शकते. ड्रायव्हरसकट भाड्याची गाडी पिवळ्या प्लेटची, स्वतः चालवायची असेल तर काळ्या प्लेटवर पिवळी अक्षरं, हे लक्षात ठेवा.

हप्ता वडील भरतात. पॉलिसीची बारीक अक्षरं वाचायचं काम तरी आपण करूया. या सुट्टीत घरी गेलात की कपाटातली पॉलिसी बाहेर काढाच!