नवी बंदूक ‘मुरवण्याचं’ खूळ

मैसूरच्या या पोस्टिंगमध्ये एक वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर लिहिणं भाग आहे. “साहेब, बंदूक नवी आहे ना, म्हणून अडकते. दोनशे काडतुसं गेली की मुरेल.” हे सांगणारा कधी कुर्गचा कॉफीमळेवाला असतो, तर कधी पेन्शनवर आलेला हवालदार. बंदूक एकच: बारा बोरची, सेमी-ऑटोमॅटिक, कोरी करकरीत.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. बंदूक म्हणजे लोणचं नव्हे. नवी सेमी-ऑटो अडखळत असेल तर बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: ती साफ केलेली नाही, तिला चुकीचं काडतूस दिलंय, किंवा तिचं माहितीपुस्तक कोणी उघडलेलंच नाही. ‘मुरेल’ या एका शब्दात हे तिन्ही आळस झाकले जातात.

याची किंमत कोण मोजतो ते बघा. मळेवाल्याची बंदूक अडकली तर तो दुसरी काढेल. पण गनमॅनची नोकरी हवी असेल तर ‘स्वतःची लायसन्सची बंदूक’ ही पहिली अट असते. पंधरा-सतरा वर्षं शिपाईगिरी केलेला माणूस ग्रॅच्युइटीच्या पैशातून ती घेतो आणि एटीएमच्या कॅशव्हॅनपाशी उभा राहतो. त्याला दोनशे काडतुसं उडवायला सांगणारा फुकट सल्ला देतो, पैसे मात्र त्याचे जातात. शिवाय काडतुसं किती घ्यायची, किती बाळगायची याची मर्यादा लायसन्सवरच लिहिलेली असते. कित्येकांचा वर्षभराचा कोटा या मुरवण्यातच संपेल आणि ड्यूटीवर पट्ट्यात काडतूसच उरणार नाही.

हे खूळ आलं कुठून? एक तर गाड्यांवरून. नवी स्कूटर पहिले काही शे किलोमीटर हळू चालवायची, हे आपल्या वडिलांच्या पिढीने आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. दुसरं, दुनळीवरून. आपल्याकडे बाराबोर म्हणजे दुनळी. मोडायची, दोन काडतुसं घालायची, मिटायची. तिच्यात अडकण्यासारखे भाग फार थोडे, त्यामुळे हेळसांड केली तरी ती निमूट सोसते. सेमी-ऑटोला एका चापात एक बार काढायचा असतो, रिकामं काडतूस बाहेर फेकायचं असतं आणि पुढचं स्वतः आत ओढायचं असतं. ही सगळी कामं ती त्या एकाच बाराच्या जोरावर करते. तो जोर कुठे वाया गेला की ती थांबली.

‘मुरवण्यात’ थोडं तथ्य आहे, तेही मान्य करतो. नव्या स्प्रिंगा सुरुवातीला ताठ असतात, घासणाऱ्या पृष्ठभागांवरचा खरखरीतपणा काही बारांनंतर कमी होतो. काही कारखाने स्वतःच सांगतात की पहिले काही बार जरा जड भाराच्या काडतुसांचे काढा. त्यांनी लिहिलं असेल तर तेवढे जरूर काढा. पण ती सूचना साफ केलेल्या बंदुकीसाठी असते.

कारखान्यातून निघताना बंदुकीला जे चोपडलेलं असतं ते गंज लागू नये म्हणून. गोदामात महिनोन्‌महिने पडून राहिल्यावर ते घट्ट, चिकट होतं. ते तसंच ठेवून बार काढले की त्यात बारुदाची काजळी मिसळते आणि घोटून मलम तयार होतं. त्यावर आपले लोक घरातलं तेल सोडतात. खोबरेल तेल साधारण २४ अंशांखाली थिजतं. मैसूरची डिसेंबरची पहाट त्याहून बरीच थंड असते, कुर्गची तर विचारूच नका. जवस तेल लाकडी दस्त्याला उत्तम, कारण ते वाळून त्याचा थर बसतो. आणि नेमक्या त्याच कारणाने यंत्रात ते घातक. बंदुकीचं तेल वेगळं मिळतं, आणि लागतं तेही थेंबभरच.

आता काडतुसांबद्दल. जॉन ब्राउनिंगची ऑटो-५ ही खऱ्या अर्थाने चाललेली पहिली सेमी-ऑटो शॉटगन. बेल्जियमच्या एफएन कारखान्याने ती १९०२ च्या सुमारास बनवायला घेतली आणि पुढे जवळजवळ शतकभर ती बनत राहिली. तिच्या पुढच्या लाकडाखाली घर्षणाच्या कड्या असतात. हलकं काडतूस वापरायचं तर त्यांची मांडणी एक, जड वापरायचं तर दुसरी. उलट केलं तर हलक्या भाराला ती अडकते, किंवा जड भाराला स्वतःलाच ठोकून घेते. हजार बार काढलेत म्हणून कडी आपली जागा बदलत नाही. ती हातानेच बदलावी लागते आणि त्यासाठी पुस्तक वाचावं लागतं.

आजच्या बंदुका मुख्यतः दोन जातींच्या. एक गॅसवर चालते: नळीतल्या छिद्रातून थोडा वायू बाहेर घेऊन पिस्टन ढकलते. या पिस्टनवर तेलाचा अभिषेक केला की ते जळून कडक काजळी धरते. दुसरी जात इनर्शियाची, धक्क्याच्या जोरावर चालणारी. हिच्यावर टॉर्च, जादा काडतुसांची पेटी असं वजन लटकवलं की धक्का कमी होतो आणि हलक्या काडतुसावर ती रुसू शकते. म्हणून आपली बंदूक कोणत्या जातीची आहे हे माहीत नसताना ‘मुरवणं’ म्हणजे रोग न विचारता औषध पाजणं.

नळीवर चेंबरची लांबी कोरलेली असते: ६५, ७० किंवा ७६ मिलिमीटर. काडतुसाच्या खोक्यावरही लांबी छापलेली असते. आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याची ‘शक्तिमान’ काडतुसं देशभर चालतात. त्यांच्या खोक्यावरही ती वाचा. चेंबरपेक्षा लांब काडतूस कधीही घालायचं नाही. आणि २० बोरचं काडतूस १२ बोरच्या पट्ट्यात चुकूनही नको. ते नळीत घरंगळून अडकतं, मागून बाराचं भरून चाप ओढला की नळी फुटते.

सगळ्यात जास्त राग येतो तो ‘जरा घासून देतो’ म्हणणाऱ्या कारागिरांचा. चापाच्या आतली धार कानशीने घासली की चाप हलका होतो, गिऱ्हाईक खूश. मग एके दिवशी बंदूक हातातून निसटून दस्त्यावर आपटते आणि चापाला बोट न लावता बार निघतो. शस्त्र कायद्याप्रमाणे बंदुकीची दुरुस्ती आणि फेरफार हा परवानाधारकाचाच धंदा आहे. नव्या बंदुकीत खरोखर दोष असेल तर ती विकणाऱ्याकडे परत जायला हवी, कानशीखाली नव्हे.

काही जण बंदूक मुरवायला वरातीत किंवा मळ्यात आकाशाकडे बार काढतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जीव धोक्यात घालणाऱ्या अशा आनंदी गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. कुर्गच्या कोडवांना ब्रिटिश काळापासून लायसन्समधून सूट आहे. केंद्राने ती २०१९ मध्ये पुढे २०२९ पर्यंत वाढवली. पण ती सूट बंदूक बाळगण्याची आहे, निष्काळजीपणाची नाही, आणि जाणते कोडवाच हे मला आधी सांगतात.

मग करायचं काय? आमच्या भाषेत सांगतो: खोलना-जोडना. बंदूक रिकामी आहे हे डोळ्याने आणि बोटाने तपासा. पुस्तकात सांगितलंय तेवढीच खोला. जुनं ग्रीस पुसून काढा, नळीतून चिंदी ओढा, आणि ती चिंदी बाहेर आली याची खात्री करा. थेंबभर तेल लावा, जास्तीचं पुसून टाका. चोक घट्ट आहे का बघा. ड्रिल काडतुसं घालून भरणं, काढणं, खटका, सगळं दहादा करा. मग परवानगीच्या रेंजवर जा आणि ड्यूटीवर जे काडतूस वापरणार त्याचेच पंचवीस बार काढा. कितव्या बाराला काय अडलं ते वहीत लिहा. मधेच पुढची टोपी सैल झाली नाही ना, ते बघा. घरी येऊन पुन्हा साफ. एवढं करून, पुस्तकात सांगितलेल्या काडतुसावरही ती अडत असेल तर वही घेऊन दुकानात जा. “नवी आहे, मुरेल” म्हणणाऱ्या दुकानदारासमोर ती वहीच तुमचा साक्षीदार.

यावर एका माजी सैनिकाने मला विचारलं, “साहेब, फौजेतही नव्या रायफलीवर फायरिंग होतंच ना?” होतं. पण ते झिरोइंगसाठी, म्हणजे नेम आणि गोळी एका जागी आणण्यासाठी. ते साफ केलेल्या हत्यारावर, मोजून आणि लिहून होतं. खडकवासल्यात आम्हाला आधी हत्यार खोलायला शिकवलं, चालवायला नंतर.

सवय करायचीच असेल तर माणसाने करावी. दसऱ्याआधी इथे जंबो सवारीच्या हत्तींना तोफांच्या आवाजाची सवय करून देतात. २१ तोफांच्या सलामीच्या वेळी हत्ती बिथरू नये म्हणून आधी पुन्हा पुन्हा तालीम होते. ती तालीम हत्तीची असते. तोफेला कोणी सवय लावत बसत नाही. खांदा, बोट आणि अडकलेलं काडतूस अंधारात काढणारा हात हे सरावाने तयार होतात. त्यासाठी बहुतेक वेळा एकही खरं काडतूस खर्चावं लागत नाही.

आयुधपूजेला, आपल्याकडच्या खंडेनवमीला, बंदूक पुजा, माझाही नमस्कार असतो. पण संध्याकाळी हार काढा आणि हळदकुंकू पुसून घ्या. तेलात कालवलेलं कुंकू चापात बसलं तर देवही ते काढायला येणार नाही. आणि ज्या बँकांना, एजन्सींना गनमॅन हवे असतात त्यांनी लायसन्सची झेरॉक्स घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: ही बंदूक शेवटची कधी चालवली, आणि त्याची वही कुठे आहे? महिन्याला रेंजचा खर्च त्या हवालदाराच्या पगारातून न जाता तुमच्या खात्यातून जायला हवा. तो पैशांच्या पेटीजवळ तुमच्यासाठी उभा असतो.