कृत्रिम गुडघ्याची खरी परीक्षा उतारावर! कोणता गुडघा कसा वागतो?

सपाट फरशीवर, दोन्ही बाजूंच्या दांड्या धरून चार पावले नीट पडली की कृत्रिम पाय ‘बसला’ असे समजले जाते. मात्र मांडीतून पाय गमावलेल्या माणसाला घरी जाताना कोकणातली पाखाडी, सातारा-कोल्हापूरकडचा डोंगरउतार, रेल्वे पुलाचा रॅम्प किंवा सोसायटीच्या पार्किंगचा उतार गाठायचा असतो. त्यामुळे गुडघा निवडताना किंमत आणि कंपनी पाहण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा. हा गुडघा उतारावर काय करतो?

उतरणे इतके अवघड का?

उतरताना शरीराच्या भारामुळे गुडघा वाकायला पाहतो. मांडीचे पुढचे स्नायू त्याला पूर्ण अडवत नाहीत, तर सावकाश वाकू देतात. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये ठेवून वेग आवरावा, तसेच हे काम असते. पाय मांडीतून कापल्यावर या स्नायूंचा गुडघ्यावरचा ताबा जातो. साध्या यांत्रिक गुडघ्यापुढे मग दोनच वाटा उरतात. एक तर ताठ राहायचे, नाहीतर एकदम दुमडायचे. भार पेलत हळूहळू वाकणे ही तिसरी वाट फक्त काही गुडघ्यांना जमते आणि किमतीतला मोठा फरक तिथेच पडतो.

चढताना अडचण वेगळी असते. पुढे येणारा कृत्रिम पाय जमिनीला अडकू शकतो. शिवाय बहुतेक गुडघे शरीर वर ढकलत नाहीत. ते काम चांगल्या पायाला आणि कमरेला करावे लागते. मोटर असलेले गुडघेही आहेत, पण ते जड आणि फार महाग आहेत.

चार प्रकार, चार स्वभाव

१. लॉकचा गुडघा : चालताना ताठ राहतो, बसताना लॉक सोडावे लागते. उतारावर दुमडण्याची भीती नाही. पण चढावर पाय बाहेरून फिरवून आणावा लागतो आणि लांबच्या वाटेवर दमछाक होते. वयस्कर किंवा अशक्त व्यक्तीसाठी मात्र हा आजही योग्य पर्याय ठरू शकतो.

२. भाराने ब्रेक लागणारा गुडघा : वजन टाकले की घर्षणाने अडतो. सपाट रस्त्यावर भरवशाचा. उतारावर मात्र भार पूर्ण काढल्याशिवाय नीट वाकत नाही, त्यामुळे पावले छोटी आणि अडखळती पडतात.

३. पॉलिसेंट्रिक गुडघा : यात एकाऐवजी अनेक सांधे असतात. टाच टेकताना तो स्थिर राहतो आणि पाय पुढे येताना किंचित आखूड होतो, त्यामुळे चढावर पंजा कमी अडकतो. सुमारे २० डॉलर खर्चाचा ‘जयपूर-स्टॅनफर्ड गुडघा’ याच प्रकारातला. ‘टाइम’ मासिकाने २००९ च्या उत्तम शोधांमध्ये त्याची नोंद घेतली होती. आयआयटी मद्रासने २०२२ मध्ये आणलेला ‘कदम’ हाही पॉलिसेंट्रिक असून तो १६० अंशांपर्यंत वाकतो. बसमध्ये किंवा खाली बसताना त्याचा फायदा होतो. मात्र जास्त वाकणे आणि भाराखाली सावकाश वाकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. हायड्रॉलिकची जोड नसलेला असा गुडघा तीव्र उतारावर एकदा वाकू लागला की त्याला आवरणारे फारसे काही नसते.

४. हायड्रॉलिक आणि मायक्रोप्रोसेसर गुडघा : भार पेलणाऱ्या हायड्रॉलिक गुडघ्यात तेलाचा दाब गुडघ्याला हळूहळू वाकू देतो. त्यामुळे एकामागून एक पाय टाकत उतरता येते. मायक्रोप्रोसेसर गुडघ्यात सेन्सर पायाची स्थिती सतत मोजतात आणि हा दाब पावलागणिक बदलतात. ऑटोबॉकचा ‘सी-लेग’ १९९७ मध्ये आला, तेव्हापासून हे तंत्र रुळले. ठेच लागल्यावर सावरण्याची संधीही यात जास्त. पण किंमत लाखांत जाते, चार्जिंग लागते आणि पाणी-चिखल किती सोसेल ते मॉडेलवर ठरते.

महागडा म्हणजे चांगलाच?

नाही. सॉकेट नीट बसला नसेल किंवा उरलेल्या मांडीत ताकद नसेल, तर लाखांचा गुडघाही कपाटात पडून राहतो. हायड्रॉलिक गुडघ्यावर भार टाकून त्याला वाकू द्यायला शिकावे लागते. पडण्याच्या भीतीने अनेकजण तो भार टाकतच नाहीत. चपलेचाही परिणाम होतो. जास्त उंच टाचेची चप्पल घातली की नडगी पुढे झुकते आणि गुडघा दुमडण्याचा धोका वाढतो.

मग बदलायचे काय?

अडचण फक्त पैशांची नाही, तपासणीच्या पद्धतीचीही आहे. पाय बसवताना ती व्यक्ती कुठे राहते, कामावर कशी जाते, हे विचारले गेले पाहिजे. नाशिकच्या सपाट कॉलनीतल्या दुकानदाराला आणि सिंधुदुर्गातल्या वाडीतल्या बागायतदाराला एकच गुडघा देणे सोयीचे असेल, पण योग्य नाही. मोफत शिबिरांमुळे हजारो लोक पुन्हा उभे राहिले, याचे मोल मोठेच आहे. मात्र ‘किती पाय वाटले’ या आकड्यासोबत ‘किती जण ते रोज घालतात’ हाही आकडा मोजला जायला हवा.

रॅम्पचेही तसेच. १ फूट उंचीसाठी १२ फूट लांबी हे सर्वसाधारण प्रमाण व्हीलचेअरसाठी सोयीचे आहे. पण सावकाश न वाकणाऱ्या गुडघ्याच्या माणसाला कठडा असलेल्या चार पायऱ्या रॅम्पपेक्षा सोप्या वाटू शकतात. म्हणून रॅम्पला दोन्ही बाजूंनी कठडा हवा आणि शेजारी पायऱ्याही हव्यात.

पाय ताब्यात घेण्याआधी एवढे नक्की करा

- कठडा असलेल्या उतारावर चढून आणि उतरून पाहा. उताराच्या मध्ये थांबूनही पाहा.
- रोजची चप्पल किंवा बूट घालूनच चाचणी द्या.
- तीव्र उतारावर आणि पायऱ्यांवर चढताना चांगला पाय आधी, उतरताना कृत्रिम पाय आधी, हे तज्ज्ञासमोर सराव करून शिका.
- दुरुस्ती कुठे होते, सुटे भाग किती दिवसांत मिळतात, हे विचारा.

प्रत्येक केंद्रात आणि शिबिरात असा एक उतार ठेवायला फार खर्च येत नाही. चार फळ्या आणि एक कठडा पुरतो. घरच्या वाटेवर पडण्यापेक्षा तिथे, तज्ज्ञाच्या नजरेसमोर अडखळणे केव्हाही बरे.