काउंटरवर सीमा नाही, कुरिअरमध्ये आहे! बेळगावच्या दुकानांपुढचा नवा हिशेब

बेळगाव : तुळशीचं लग्न लागलं, की खडेबाजारात बस्त्याची गर्दी सुरू होते. चंदगड-गडहिंग्लजची माणसं येतात, खानापूर-निपाणीची येतात, चोर्ला घाट चढून साखळी-डिचोलीचीही येतात. एका लग्नामागे दहा-पंधरा जण गादीवर बसतात. नवरीच्या आईशी मराठीत, पलीकडच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये, गोव्याच्या मावशींशी कोकणीत बोलत सेल्समन साड्यांचे ढीग उलगडतो. बस्ता बांधून झाला, की हीच मंडळी भांड्यांच्या, बांगड्यांच्या, सोन्याच्या दुकानांकडे वळतात आणि जाताना कुंदा घेऊन जातात. एक बस्ता म्हणजे सात-आठ दुकानांचा धंदा.

आता मात्र त्याच गादीवर बसलेल्या नवरीच्या हातात मोबाईल असतो. समोर साडी उलगडते आणि तिकडे तसल्याच साडीचा ऑनलाईन भाव निघतो. कधी खरेदी दुकानात होते, कधी साडी नुसती बघून मंडळी उठतात. तीन राज्यांच्या गिऱ्हाइकावर उभ्या राहिलेल्या या बाजारापुढे म्हणून दोन प्रश्न आहेत. आलेलं गिऱ्हाईक टिकवायचं कसं आणि न येणाऱ्यापर्यंत पोहोचायचं कसं? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर वाटतं तितकं सोपं नाही, कारण ते राज्याच्या सीमेवर येऊन अडतं.

भावाचा फायदा उरला नाही

२०१७ पूर्वी प्रत्येक राज्याचा व्हॅट वेगळा होता. एखादी वस्तू इकडे स्वस्त, एखादी तिकडे. सीमाभागातल्या माणसाला हे पाठ असायचं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि पेट्रोल, दारूसारख्या जीएसटीबाहेरच्या मोजक्या वस्तू सोडल्या तर हा फरक संपला. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, तेही सगळीकडे एकदमच. अडीच हजार रुपयांपर्यंतच्या तयार कपड्यांवर आता ५ टक्के आणि त्यावरच्या कपड्यांवर १८ टक्के कर आहे. मोठ्या टीव्ही आणि एसीवरचा कर २८ वरून १८ वर आला. बेळगाव, कोल्हापूर आणि पणजी या तिन्ही ठिकाणी दर तोच.

म्हणजे कर वाचवायला बेळगावला येण्याचं कारण राहिलं नाही. तरी लोक येतात, ते निवडीसाठी, भाषेसाठी, ओळखीसाठी आणि जवळ पडतं म्हणून. चंदगडच्या माणसाला कोल्हापूर शंभर किलोमीटरच्या घरात, बेळगाव त्याच्या निम्म्यावर. पण मोबाईल त्याहून जवळ आहे. त्यामुळे भावाच्या जोरावर लढायला जाणारा दुकानदार चुकीच्या मैदानात उतरतो.

सवलतीचं गणित

हे आकड्यात मांडलं तर लगेच कळतं. समजा, एक साडी २,००० रुपयांना विकली जाते आणि त्यात दुकानदाराला ५०० रुपये सुटतात. महिन्याला ६० साड्या गेल्या तर ३०,००० रुपये हाती येतात. आता ऑनलाईन भावाशी बरोबरी करायला त्याने १० टक्के सवलत दिली. गिऱ्हाइकाला २०० रुपये कमी झाले, पण दुकानदाराचे ५०० चे ३०० झाले. नफा ४० टक्क्यांनी घटला. तेच ३०,००० मिळवायला आता ६० ऐवजी १०० साड्या विकाव्या लागतील. तेवढी गर्दी वाढणार नसेल, तर सवलतीची पाटी दुकानदाराच्याच गल्ल्यावर बसते.

उलट बाजूने बघा. एका बस्त्याचं घर बांधून ठेवलं, तर वर्षभरात बारसं, डोहाळजेवण, चतुर्थी, दिवाळी, मुंज अशी चार-पाच निमित्तं निघतात. जाहिरात नाही, कमिशन नाही. जुन्या दुकानदारांच्या उधारीच्या वहीत गिऱ्हाइकाच्या गावासकट घरातल्या लग्नाकार्यांची नोंद असायची, ती उगीच नव्हती. ती वही आता बऱ्याच ठिकाणी बंद झाली, पण तिच्या जागी दुसरं काही आलेलं नाही. बिलिंगच्या कॉम्प्युटरमध्ये गिऱ्हाइकाचा फोन नंबर असतो. त्याचा उपयोग फक्त सेलचा मेसेज पाठवायला होतो.

कुरिअर निघालं, की सीमा लागते

खरी अडचण पुढे आहे. गिऱ्हाईक दुकानात आलं, माल हातात घेतला, पैसे दिले. बिलावर त्याचा पत्ता लिहिलेला नसेल, तर कायद्यात ती विक्री दुकानाच्याच ठिकाणी झाली असं धरलं जातं. गिऱ्हाईक चंदगडचं की चन्नम्मा चौकातलं, याने काही फरक पडत नाही.

पण त्याच बाईने घरी जाऊन व्हॉट्सॲपवर दुसऱ्या साडीचा फोटो पसंत केला आणि दुकानदाराने ती कुरिअरने शिनोळीला पाठवली, तर ती आंतरराज्य विक्री होते. एका राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. दुसऱ्या राज्यात करपात्र माल पाठवायचा असेल तर ही सवलत नाही. हस्तकलेच्या काही वस्तू वगळल्या, तर पहिल्या पार्सलपासून नोंदणी लागते. कॉम्पोझिशन योजनेतल्या दुकानदाराचंही तेच. दीड कोटीपर्यंत उलाढाल आणि १ टक्का कर, म्हणून ही योजना छोट्यांना सोयीची वाटते, पण त्यात परराज्यात माल विकायला मनाई आहे.

ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणी नसलेल्या आणि कॉम्पोझिशनमधल्या दुकानदारांना ऑनलाईन प्लॅटफॉर्मवरून माल विकायची मुभा मिळाली, पण तीही आपल्याच राज्यात. याचा बेळगावात अर्थ असा, की शहापूर-वडगावचा छोटा व्यापारी चारशे किलोमीटरहून लांब बिदरला साडी पाठवू शकतो, पण पंधरा-वीस किलोमीटरवरच्या शिनोळीला नाही. बेंगळुरू किंवा पुण्याच्या छोट्या दुकानदाराला हा नियम क्वचित आडवा येतो, कारण त्याचं बहुतेक गिऱ्हाईक राज्यातच असतं. बेळगावच्या दुकानदाराचं अर्धं गणगोतच सीमेपलीकडे आहे.

नियमित नोंदणी घेतली, की ही अडचण सुटते. आयजीएसटी लावायचा, माल पाठवायचा, कराचा दर तोच. खरेदीवर भरलेल्या कराची वजावटही मिळते. पाच कोटींपर्यंतच्या उलाढालीला तिमाही रिटर्नची सोय आहे. प्लॅटफॉर्मवरून विकलं तर ०.५ टक्के जीएसटीचा टीसीएस आणि ०.१ टक्के आयकराचा टीडीएस आधी कापला जातो. ही रक्कम पुढे करात वळती होते, पण तोवर भांडवल अडकतं. शिवाय प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि परत आलेल्या मालाचा खर्च वेगळा.

तरीही छोटे दुकानदार नोंदणीला बिचकतात. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या वाणिज्य कर विभागाने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा बघून हजारो छोट्या व्यापाऱ्यांना नोटिसा धाडल्या. राज्यात गदारोळ झाला, काहींनी क्यूआर कोड काढून ‘फक्त रोख’ लिहिलं, आणि शेवटी सरकारला जुनी थकबाकी वसूल करणार नाही असं सांगावं लागलं. त्या महिन्याची धास्ती अजून गेलेली नाही. पण यातून धडा उलटा घ्यायला हवा. यूपीआयची नोंद राहतेच. लपून धंदा करायचे दिवस संपले आहेत, आणि उघड धंदा करणाऱ्यालाच सीमेपलीकडचं गिऱ्हाईक मिळणार आहे.

‘माल परत घेतला जाणार नाही’

ऑनलाईन खरेदीत गिऱ्हाइकाला सगळ्यात मोठा दिलासा असतो तो परत करण्याचा. बाजारातल्या कितीतरी बिलांवर मात्र अजून ‘एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का असतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने बिलावर लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिली नसेल तर ३० दिवसांत, सदोष माल परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. दुसरं असं, की ग्राहक आता तो राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करू शकतो. चंदगडच्या गिऱ्हाइकाला त्यासाठी बेळगावला यायची गरज नाही. त्याची तक्रार कोल्हापूरला होईल आणि तारखेला दुकानदाराला तिकडे जावं लागेल.

धाकापेक्षा धंद्याचा विचार केला तरी हा शिक्का तोट्याचा आहे. लांबून आलेलं गिऱ्हाईक शंभर वेळा विचार करतं ते याचमुळे : चुकलं तर परत कोण येणार? ‘पंधरा दिवसांत बदलून देऊ, येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवलं तरी चालेल’ एवढं लिहून दिलं, तरी ऑनलाईनच्या निम्म्या आकर्षणाला उत्तर मिळतं. फॉल-पिको, ब्लाऊजची शिलाई, तयार कपड्याला मापात आणणं ही कामं तर मोबाईल करूच शकत नाही.

बस, वाद आणि पाटी

गिऱ्हाईक टिकवणं सगळं दुकानदाराच्या हातात नाही, हेही मान्य करायला हवं. डिसेंबर २०२२ मध्ये सीमावाद पेटला तेव्हा आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये बस कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांनंतर दोन्ही राज्यांमधली बससेवा विस्कळीत झाली. ज्या दिवशी चंदगडची बस येत नाही, त्या दिवशी गणपत गल्लीतला गल्ला हलका होतो. त्यात मालक कुठली भाषा बोलतो याचा संबंध नसतो. कन्नडिग आणि मराठी व्यापाऱ्याचं नुकसान सारखंच.

प्रवासाच्या सवलतीही सीमा पाळतात. कर्नाटकातल्या महिलांना जून २०२३ पासून शक्ती योजनेत मोफत बस आहे. खानापूर, बैलहोंगलच्या महिलांना बाजार त्यामुळे जवळ आला. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे, पण ते राज्याच्या हद्दीपर्यंत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने मंजूर केलेल्या दुरुस्तीनुसार दुकानाच्या फलकाचा ६० टक्के भाग कन्नडमध्ये असावा लागतो. नियम पाळायचाच आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत मराठी ठेवायची की नुसती इंग्रजी, हे मात्र मालकाला ठरवता येतं. बरेच जण कटकट नको म्हणून मराठी काढून टाकतात. डिचोलीहून पहिल्यांदा आलेल्या गिऱ्हाइकाला मग दुकान शोधताना विचारत फिरावं लागतं.

हातातलं काय?

मोठा खर्च न करता होण्यासारखं बरंच आहे. गूगल मॅपवर दुकानाचं नाव, वेळ आणि सुट्टीचा वार बरोबर टाकणं हे पहिलं. सरकारदरबारी २०१४ पासून ‘बेळगावी’ झालं, तरी गोवा-कोल्हापूरचं गिऱ्हाईक ‘बेळगाव’ असंच शोधतं. दोन्ही नावं असावीत. दुसरं, व्हॉट्सॲपवर रोजचे ‘शुभ सकाळ’ आणि सेलचे मेसेज थांबवून गिऱ्हाइकाने मागितलेलाच माल दाखवणं, तोही त्याच्या भाषेत. तिसरं, बस्त्याची वेळ फोनवर ठरवून देणं. दोनशे किलोमीटरचा फेरा करून आलेल्या कुटुंबाला तासभर ताटकळत ठेवलं, तर पुढचा बस्ता मोबाईलवरच बांधला जातो.

आणि चौथं, व्यापारी संघटनांनी फलकावर जेवढा आवाज उठवला, तेवढाच कुरिअरच्या नियमावर उठवायला हवा. सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत आंतरराज्य व्यवहार नोंदणीशिवाय करता येतो. माल विकणाऱ्या छोट्या दुकानदारालाही अशी मर्यादा का नसावी, हा प्रश्न बेळगावने, निपाणीने आणि चंदगड-सावंतवाडीनेही जीएसटी परिषदेपुढे न्यावा असाच आहे. परिषदेत कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा या तिन्ही राज्यांचे मंत्री बसतात. सीमेवरच्या दुकानाची बाजू तिघांनाही सांगता येते.

तोवर बाजाराची भिस्त गादीवरच्या त्या सेल्समनवरच आहे. तीन भाषांत भाव सांगणारा आणि गेल्या खेपेला थोरलीच्या लग्नात कुठला रंग नेला होता हे आठवणारा माणूस अजून कुठल्या ॲपमध्ये मिळत नाही. त्याची मुलं मात्र पुण्या-बेंगळुरूला नोकरी शोधतायत. गिऱ्हाइकाइतकाच त्यालाही टिकवावं लागेल.